पोर्ट आधी ओळख विचारतो

१. स्विच स्वतः कुणालाच ओळखत नाही. ८०२.१एक्स हे ओळख तपासण्याचं मानक चालू असलेल्या पोर्टमध्ये केबल खोचली की तो फक्त ओळखीची बोलणी आत घेतो, बाकी सगळं अडवतो. लॅपटॉपचं उत्तर ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे पोचवतो आणि तिकडून होकार आला तरच पोर्ट खुला करतो. सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर विचारून पाहुण्याला वर सोडतो, तसंच. त्यामुळे ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी सर्व्हरचा लॉग उघडतो, स्विच नंतर.

२. खरा ताप प्रिंटरचा. जुने प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची मशीन यांना विचारलेलं कळतच नाही. त्यांना मॅक पत्त्यावरून आत घ्यायची सोय असते. आमच्यात तिला मॅब म्हणतात. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर स्विच ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतो आणि मगच मॅककडे वळतो. या दीड मिनिटात काही प्रिंटर आयपी पत्ता मागून मागून गप्प बसतात, आणि ऑफिसवाले हार्डवेअरच्या माणसाला बोलावतात! ही वेळ कमी करावी, पण बेतानं; नाहीतर सावकाश सुरू होणारे लॅपटॉपही मॅबच्या रांगेत जातात. शिवाय मॅक पत्ता बरेचदा प्रिंटरच्या स्टिकरवरच छापलेला असतो. तो स्वतःच्या लॅपटॉपला लावणं अवघड नाही. म्हणून मॅबने आलेल्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवावं आणि प्रिंट सर्व्हरपलीकडचं काही दिसू देऊ नये.

३. ८०२.१एक्स लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे कुणालाच अडवू नका, नुसती नोंद घ्या. टेबलाखालचे घरगुती राउटर तेव्हाच सापडतात.

४. रेडियस सर्व्हर दोन हवेत. दोन्ही बंद पडले तर पोर्ट बंद ठेवायचे की मर्यादित व्हीलॅनमध्ये सोडायचं, हे साहेबांकडून आधीच लेखी घ्यावं. बँक आणि कॉलेज यांचं उत्तर एक नसतं.

५. पोर्ट एकदा खुला झाला की मध्ये हब घालून दुसरा कुणी घुसू शकतो. ८०२.१एक्सच्या २००१ च्या मूळ मानकातली ही फट २०१० च्या आवृत्तीत मॅकसेकची, म्हणजे केबलवरची वाहतूक कूटबद्ध करण्याची, जोड देऊन बुजवली, पण दोन्हीकडची उपकरणं मॅकसेकवाली असतील तरच.

६. ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपलेला लॅपटॉप नवं सर्टिफिकेट घ्यायला नेटवर्कवर येणार कसा? त्यासाठी मी आयटीच्या कुलूपबंद खोलीत एक पोर्ट मोकळा ठेवतो. कुठला, ते सांगत नाही.