आधी जमिनीवरून मोज

धुळे

चि. मुक्ता हिस,


कक्षेतल्या इतर वस्तूंचा माग काढणारा छोटा उपग्रह तुम्ही मुलांनी बांधायचा, ही कल्पना मला मनापासून आवडली. 10 फेब्रुवारी 2009 रोजी इरिडियम 33 आणि बंद पडलेला कॉसमॉस 2251 हे उपग्रह सायबेरियावर सुमारे 790 किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. दोघांच्याही कक्षा ठाऊक होत्या आणि अंदाजानुसार ते जवळून निघून जायचे होते. कमी पडली ती अचूकता. म्हणून उपग्रहाचा सांगाडा करण्याआधी मोजायला शिका, आणि तेही जमिनीवरून, असा माझा आग्रह आहे.

त्यासाठी आपला खानदेश पुरेसा आहे. धुळे आणि जळगाव यांच्यात सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटर अंतर आहे. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे अंधार पडतो, पण वरच्या उपग्रहावर ऊन असतं, म्हणून तो दिसतो. डोक्यावरून 500 किलोमीटर उंचीने जाणाऱ्या उपग्रहाचा दोन्ही गावांतून एकाच क्षणी फोटो घेतला, तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याची जागा जवळपास 9 अंशांनी सरकलेली दिसेल. पूर्ण चंद्र जेमतेम अर्धा अंश भरतो, यावरून हे सरकणं केवढं मोठं आहे ते बघ! त्या कोनावरून अंतर काढता येतं. मात्र दोन घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला, तर तेवढ्यात उपग्रह साडेसात किलोमीटर पुढे गेलेला असतो. सगळी मेख या वेळेतच आहे.

तू म्हणशील, या उपग्रहांच्या कक्षा प्रसिद्धच असतात, मग नवं काय मोजलं? उत्तर आधी माहीत असल्यामुळेच आपली चूक किती, ते कळतं. कक्षेत फिरणाऱ्या अनोळखी तुकड्याच्या बाबतीत ती सोय नाही. उपग्रहावरूनच मोजलं तर वर ढग नसतात, तुकडाही जवळून दिसतो, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण 100 किलोमीटरवरून सेकंदाला 7 किलोमीटर वेगाने आडवा जाणारा तुकडा कॅमेऱ्यासमोरून सेकंदाला 4 अंश सरकतो, आणि तेव्हा आपला कॅमेरा नेमका कुठे रोखलेला आहे, हेही ठाऊक असावं लागतं. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह एक किलोहूनही हलका होता. 22 जून 2016 रोजी तो पीएसएलव्ही-सी34 या रॉकेटमधून गेला. त्याची दिशा चुंबकांच्या आधारे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळवून घ्यायची होती. संदेशवहनाला तेवढं चालतं, तुमच्या कामाला चालणार नाही. जमिनीवरचं काम दुय्यम आहे, असंही समजू नकोस. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला गेलेल्या आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’ या उपग्रहाचं मुख्य मोजमाप, म्हणजे वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी, जमिनीवर पकडलेल्या त्याच्या लहरींवरूनच व्हायची होती.

दिवाळीनंतर आकाश निवळेल. तोवर दोन सारखे कॅमेरे आणि जीपीएसवर वेळ लावणारी दोन घड्याळं जमव. धुळ्याची बाजू मी सांभाळतो.

तुझा,
मामा