पन्हं आंबटच हवं

सांगली,
चैत्र शुद्ध पंचमी

चि. मृण्मयी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, हळदीकुंकवाच्या पन्नास बायकांना पन्हं किती लागेल?" आणि मी उत्तर द्यायच्या आतच म्हणालीस की तयार सिरपच्या बाटल्या आणते, कटकट नको. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: दीड किलो कैरी, किलो-सव्वा किलो गूळ आणि सहा लिटर पाणी, दीडशे मिलीचे पन्नास पेले सहज होतात. बाटलीचं उत्तर मात्र फोनवर मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाच. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा आपल्याकडे नियम आहे. साखरेचं नाव आधी असेल आणि कैरीचं नंतर, तर तू पन्हं विकत घेत नाहीस, कैरीचा वास असलेला पाक घेतेस. वर्षभर टिकवायचं तर साखर घालावीच लागते, त्यात त्या कंपन्यांचा दोष नाही. पण श्रावणात वापरायची बाटली चैत्रात, मंडईत कैऱ्यांचे ढीग लागलेले असताना कशाला फोडायची?

आणि खरं सांगू का, हल्ली घरी केलेली पन्हीसुद्धा त्या बाटलीसारखीच लागायला लागली आहेत. हळदीकुंकवाला गेलं की हातात जो पेला येतो त्यात पहिला घोट गोड, दुसरा गोड आणि तिसऱ्याला ओठ चिकटतात. पन्ह्यात आंबट पुढे हवं, गोड त्याच्या मागे आणि मीठ कळेल न कळेल असं. उन्हातून आलेल्या बाईला त्या आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, घशाची कोरड जाते. नुसत्या गोडाने ती जात नाही, उलट पाण्याचा तांब्या मागावा लागतो. तेव्हा तुला माझं मुख्य सांगणं एवढंच की आंबटाला घाबरू नकोस. बाकीचं सगळं त्याच्या सोयीसाठी.

आंबट येतं कैरीतून, म्हणून सगळा वेळ तिथे घालव. तोतापुरी घेऊ नकोस. ती तिखटमीठ लावून खायला छान, पन्ह्याला मवाळ पडते. राजापुरी गरासाठी चांगली, मोठी असल्याने सोलायचे कष्ट कमी. गावठी रायवळ मिळाली तर सगळ्यात उत्तम, फक्त तिला रेषा फार. कैरी हिरवीगार, कडक आणि बाठ धरलेली हवी. विक्रेत्याला एक कापून दाखवायला सांग. आत पांढरी असेल तर घे, पिवळसर झाक आली असेल तर ती पाडाला लागली म्हणून समज. पिकायला लागलं की कैरीतलं पीठ साखरेत बदलतं आणि आम्ल उतरतं. मग तू कितीही बेताने गूळ घाल, पन्हं गुळचटच होणार. आंबेडाळीसाठीही कैरी लागेल, ती याच ढिगातून वेगळी काढून ठेव.

घरी आणल्यावर देठ कापून कैऱ्या तासभर पाण्यात ठेव. देठाशी चीक असतो, त्याने घसा खवखवतो, काहींच्या ओठांना फोडही येतात. आंबा आणि काजू एकाच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेल कातडीला काय करतं ते कोकणातल्या कोणालाही विचार.

मग उकडणं. कुकरच्या तळाशी पाणी, वरच्या भांड्यात मात्र पाणी न घालता सालासकट कैऱ्या, तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू दे. साल काढलीस की तिला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घे, टाकू नकोस, तिथेच पुष्कळ असतो. हा सगळा गर पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर घासून काढ. थेट मिक्सरमध्ये घातलास तर रेषा तुटून बारीक होतात आणि मग गाळल्या तरी जात नाहीत. (तुझ्या आईकडे पितळी पुरणयंत्र आहे, ते आणू नकोस. कल्हई उडालेल्या पितळेला किंवा तांब्याला आंबट लागू द्यायचं नसतं, ॲल्युमिनियमलाही नाही. स्टीलचं वापर.)

शेजारच्या उत्तरेकडच्या मैत्रिणी तुला कैरी भाजायला सांगतील. त्यांचं खरं आहे. निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलेल्या कैरीचं, भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि पुदिना घातलेलं पन्हं फार रुचकर लागतं, बंगाल्यांचं पोडा आमाचं सरबतही त्याच घराण्यातलं. पण पन्नास जणींसाठी दीड किलो कैरी गॅसवर उलटीपालटी करत बसलीस तर साडी बदलायलाही वेळ उरणार नाही. चार-पाच कैऱ्या मात्र तशा कर, कारण त्याचा उपयोग आहे. पन्नास जणींत मधुमेहवाल्या असतीलच. "गुळाचं आहे, चालतं" असं सांगून त्यांना पेला देऊ नकोस. रक्तातली साखर गुळानेही वाढते. त्यांच्यासाठी हे भाजलेल्या कैरीचं, जिऱ्यामिठाचं, गूळ न घातलेलं पन्हं वेगळ्या जगमध्ये ठेव आणि जगवर चिठ्ठी लाव, म्हणजे कोणाला विचारावं लागणार नाही.

आता माप. एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ आणि सहा ते सात वाट्या पाणी. हे मी लिहून देते आहे, पण दर ढिगाची कैरी वेगळी असते, म्हणून गूळ एकदम ओतू नकोस. गर गरम असतानाच सव्वा वाटीच्या हिशेबाने गूळ विरघळव आणि गाळून घे. चांगल्या गुळातही कधी कधी खडा किंवा चिपाडाचा तुकडा निघतो. उरलेल्या गुळाचं पाणी करून बाजूला ठेव. लक्षात ठेव, गार पेय जिभेला कमी गोड लागतं. कोमट असताना नेमकं वाटलेलं पन्हं गार झाल्यावर वेगळं लागणार, तेव्हा थोडं पन्हं बाहेर काढून पूर्ण गार करून चाख आणि मगच उरलेलं गुळाचं पाणी घालायचं की नाही ते ठरव. घरातल्या एकाला तरी "आंबट आहे गं" असं वाटलं पाहिजे. मीठ लिटरला पाव चमचा. वेलदोडे वीसेक, थोड्या साखरेबरोबर कुटून. केशर गुळाच्या पन्ह्यात घालू नकोस. गुळाचा रंग आणि वास दोन्ही त्याच्यावर मात करतात, पैसे वाया. केशराची हौसच असेल तर साखरेचं पन्हं कर, त्याला पिवळसर रंग सुरेख येतो. मी स्वतः कोल्हापुरी गुळाची बाजू घेणारी, पण साखरेचं पन्हं हलकं आणि दिसायला देखणं होतं हे कबूल केलं पाहिजे.

हे सगळं आदल्या दिवशी. गूळ घातलेला घट्ट गर फ्रीजमध्ये ठेव, पाणी त्या दिवशीच घाल, तेही निम्म्या-निम्म्याने. एकदम आठ लिटर कालवून दुपारभर उन्हाळ्यात बाहेर ठेवलंस तर संध्याकाळी येणाऱ्यांना आंबलेलं मिळेल, आणि तो आंबटपणा मी म्हणते तो नव्हे. कैरी दोन किलो उकडलीस तरी चालेल. दुसऱ्यांदा मागणाऱ्या असतात, आणि नाही लागला तर गूळ न घातलेला गर फ्रीजरमध्ये पुढचे काही महिने राहतो.

बर्फाबद्दल मी कडक आहे. कोपऱ्यावरच्या गाड्याचा किंवा लादीचा बर्फ आणायचा नाही. मासे, मटण, दूध थंड ठेवायला बनवलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. तोच सरबतांच्या पेल्यात पोचतो म्हणून तर २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचं बंधन घातलं. रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. बर्फ विरघळून शेवटचे पेले पाणचट होतात ते वेगळंच. त्यापेक्षा दोन माठ भरून ठेव. तुझ्या पुण्याची चैत्रातली हवा कोरडी, माठाच्या अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि आतलं गार होतं. हाच माठ मुंबईच्या दमट हवेत तेवढं काम करत नाही. मात्र पन्हं माठात ओतू नकोस. त्याच्या छिद्रांत गोड-आंबट मुरून बसतं, मग तो माठ कितीही घासला तरी पाण्याला वास येत राहतो.

कच्ची कैरी किसून, पिळून केलेलं पन्हंही असतं. हिरवट, तरतरीत, आणि न शिजवल्यामुळे क जीवनसत्त्व त्यात जास्त राहतं. घरच्या चार माणसांना एखाद्या दुपारी जरूर कर. समारंभाला नको, ते लगेच प्यावं लागतं.

आणखी एक. येणाऱ्यांत लहान मुलं असतील. कोणाला ऊन लागून उलट्या-जुलाब होत असतील तर "पन्हं पाज, बरं वाटेल" असा सल्ला देणाऱ्या मावश्या भेटतील. तिथे ऐकू नकोस. जलसंजीवनीत साखर आणि मीठ अगदी मोजून घातलेलं असतं. आपल्या पन्ह्यात साखर त्याच्या कितीतरी पट आणि मीठ नावापुरतं, त्याने जुलाब वाढूही शकतात. मुलाला जलसंजीवनीच द्यायची आणि डॉक्टरांकडे न्यायचं. पन्हं धडधाकट माणसाने उन्हातून आल्यावर प्यायचं.

वैशाखात रातांबे आले की कोकमाचं सरबत शिकवीन, त्याला बरणी, साखर आणि आठवडाभराचं ऊन लागतं, घाई त्याला मुळीच चालत नाही. सध्या एवढं कर: शनिवारी सकाळी स्वतः मंडईत जा, फोनवरून कैऱ्या मागवू नकोस. कापून दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. आणि रविवारी रात्री गार केलेल्या पन्ह्याचा पहिला पेला तुझ्या सासूबाईंना दे. त्यांनी गूळ मागितला, तरी घालू नकोस.

तुझी,
आत्या