चीजच्या गरम डिपविषयी भाचीस पत्र

देऊळघाट, ता. बुलढाणा



पैनगंगेकाठच्या या गावी सुट्टीत जमणाऱ्या भावंडांसाठी चीजचे गरम डिप, म्हणजे भाकरीचे तुकडे बुडवून सर्वांनी एकाच भांड्यातून खायचे भाजलेले दाट मिश्रण, करण्याचा बेत भाचीने आखला आहे. त्यात सामग्रीच्या थाटापेक्षा आचेकडे तिने अधिक लक्ष द्यावे, कारण हा पदार्थ बिघडतो तो बहुधा अतिउष्णतेने.

चीज म्हणजे केसिन या दुधातील प्रथिनाची जाळी असून तिच्यात पाणी आणि स्निग्धांश अडकलेले असतात. चीज फार तापले की ही जाळी आक्रसते, तूप वर सुटते आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. १९११ साली स्वित्झर्लंडमधील थुन येथे वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी सोडियम सायट्रेट हा क्षार मिसळून यावर उपाय काढला. हा क्षार प्रथिनातील कॅल्शियम बांधून घेतो, त्यामुळे प्रथिन मोकळे होऊन तुपाला धरून ठेवते. प्रक्रिया केलेले चीज ते हेच, आणि दुकानात मिळणाऱ्या चौकोनी वड्या बहुतेक याच जातीच्या असल्याने नवशिकीने त्यांनाच पसंती द्यावी. आम्लाने दूध फाडून केलेले पनीर मात्र कितीही तापवले तरी वितळत नाही, त्यामुळे त्याचा येथे उपयोग नाही. चीज गोठवण्यासाठी वापरले जाणारे रेनेट हे विकर वासराच्या जठरातूनही काढतात. घरातील शाकाहारी वडीलधाऱ्यांसाठी वेष्टनावरील हिरवे चिन्ह आधी पाहावे.

चमचाभर लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतून त्यात पेलाभर दूध थोडे थोडे घालावे. मैद्यातील स्टार्च, म्हणजे पिठूळ अंश, फुगून पाणी आणि तूप एकत्र राखतो. भांडे खाली उतरवून मगच २०० ग्रॅम किसलेले चीज आणि वाटीभर चक्का, म्हणजे पाणी निथळलेले दही, मिसळावे; उकळत्या मिश्रणात चक्का घातल्यास तो फुटण्याचा संभव असतो. पालक घालायचा तर उकडून घट्ट पिळावा. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा हवा तितका घालावा, पण चीज मुळातच खारट असल्याने मीठ चव पाहूनच घालावे, आणि बहुधा ते लागतच नाही.

मग हे मिश्रण ओव्हनमध्ये ठेवले की १८० अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटांत कडेला बुडबुडे येऊन वरची साय तांबूस होते. ओव्हन नसल्यास जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवून झाकणावर निखारे पसरावेत; निखाऱ्यांवर रोडगे भाजणाऱ्या प्रदेशात ही युक्ती नवी नाही.

बुडवण्यासाठी महागडे पाव आणण्यापेक्षा ज्वारीची शिळी भाकरी तव्यावर कडक करून तिचे तुकडे द्यावेत. भाकरी मोडली तरी चवीने सरस ठरते. एकाच भांड्यात हात घालणे ज्या घरी उष्टे मानतात तेथे वाद न घालता प्रत्येकाला लहान वाटी द्यावी, आणि जेथे एकच भांडे चालते तेथेही एक तुकडा एकदाच बुडवायचा, हे मुलांना आधी सांगावे. उरलेले डिप दुसऱ्या दिवशी पुन्हा ओव्हनमध्ये न घालता चमचाभर दूध टाकून मंद आचेवर ढवळावे.

कळावे,
मामाचे आशीर्वाद