लॅपटॉप अपग्रेड केल्यावर आधी काय तपासावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. त्यामुळे पांडेसऱ्यात आपल्यापैकी काहींनी विंडोज ११ घेतले. त्यानंतर लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागत असेल किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नसेल, तर या क्रमाने तपासू या.

१) लॅपटॉप बंद करा, डिस्क काढा, पुन्हा सुरू करा. आता लवकर सुरू झाला, तर बायोसमधील बूट क्रम पाहा. यूएसबी पहिले असेल, तर लॅपटॉप आधी बाहेरच्या डिस्कवर विंडोज शोधत बसतो. आतली डिस्क पहिली ठेवा. बिटलॉकर चालू असल्यास त्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या.

२) तरीही वेळ लागत असेल, तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतले नको असलेले प्रोग्रॅम बंद करा.

३) डिस्क दिसत नसेल, तर केबल व पोर्ट बदला. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर, तर ३.० पोर्ट ९०० मिलीअँपिअरपर्यंत वीज देतो. वीज कमी पडली की डिस्क नीट फिरत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा. ड्राइव्हला अक्षर नसेल तर द्या.

४) 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारल्यास 'नाही' म्हणा. गावाकडच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर असतील, तर ते परत मिळवणे कठीण होते. म्हणून अपग्रेडच्या आधीच दुसरी प्रत करून ठेवू या.