दोन डिस्क म्हणजे आरसा नव्हे!

सबमिशनच्या तोंडावर डिस्क गेली की काय होतं, हे ज्याची गेली त्यालाच विचारावं. म्हणजे मलाच!

थर्ड इयरला आम्ही तिघा रूम पार्टनर्सनी वर्गणी काढून एक जुना डेस्कटॉप घेतला. त्यावर लिनक्स आणि झेडएफएस टाकलं, आणि झाला आमचा सर्व्हर तयार. प्रोजेक्टची रीडिंग्ज, नोट्स, घरचे फोटो, सगळं एकाच डिस्कवर. पुढे दुसरी डिस्क आणली, म्हटलं मिरर करू. कमांड दिली ‘झेडपूल अ‍ॅड’. एकही एरर नाही, उलट जागा दुप्पट! त्या आनंदात चहासुद्धा झाला. खरं तर तिथेच डोकं चालायला हवं होतं.

आधी थोडी थिअरी. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्माला आलं आणि २००५ साली ओपनसोलारिसमधून सर्वांसाठी खुलं झालं. २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावाने त्याचं काम एकत्रितपणे चालतं. यात डिस्क एकत्र करून ‘पूल’ बनवतात (नदीवरचा नव्हे!). पूल बनतो गटांचा, त्यांना व्हीडेव्ह म्हणतात. मिरर गटातल्या प्रत्येक डिस्कवर तीच माहिती असते. म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्कचा मिरर केला, तर जागा मिळते ४ टीबीच. एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवते.

आता ग्यानबाची मेख. ‘अ‍ॅड’ म्हणजे पुलाला नवा गट जोडणे. ‘अटॅच’ म्हणजे असलेल्या डिस्कला जोडीदार देणे. माहिती सगळ्या गटांत वाटली जाते, त्यामुळे एक अख्खा गट गेला की पूर्ण पूल गेला. आम्ही सुरक्षितता वाढवायला निघालो आणि धोका दुप्पट करून बसलो! पूल आधीच मिरर असेल तर सुटी डिस्क अ‍ॅड करताना झेडएफएस अडवतं. पण एकाच डिस्कच्या पुलाला ते मुकाट्याने हो म्हणतं. तेव्हा लक्षात ठेवा: मिरर केल्यावर जागा वाढली, तर तो मिरर नाही. वेळीच कळलं असतं तर ‘रिमूव्ह’ने चूक सुधारता आली असती, २०१९ च्या ०.८ आवृत्तीपासून ती सोय आहे.

मग साध्या रेडपेक्षा यात वेगळं काय? साध्या मिररमध्ये दोन प्रती जुळल्या नाहीत, तर खरी कोणती हे कळत नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा ठेवतं. त्यावरून चुकीची प्रत ओळखून, चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करतं. ‘स्क्रब’ ही तपासणी पूर्ण पुलावर करतं. महिन्यातून एकदा चालवा.

चार डिस्क असतील तर दोन-दोनचे दोन मिरर करा. एक गेली, तर उरलेल्या तिघींपैकी फक्त तिची जोडीदारीण गेल्यावरच पूल बुडतो. म्हणून ‘स्टेटस’मध्ये ‘डिग्रेडेड’ दिसलं की उद्यावर ढकलू नका. नवी डिस्क लावा, ‘रिप्लेस’ द्या. ‘रिसिल्व्हर’ सुरू होतं आणि फक्त वापरातली माहिती कॉपी होते. डिस्क काढण्याआधी सिरियल नंबर दोनदा बघा. घाईत चांगलीच डिस्क उपटणारे महाभाग कमी नाहीत!

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही फाईल डिलीट केली, तर आरशातही ती डिलीटच होते. त्यासाठी रोज स्नॅपशॉट घ्या, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो घरी ठेवा. रूममध्ये पाणी शिरलं तर दोन्ही डिस्क एकदमच भिजणार ना!

आमचं काय झालं? चार महिन्यांनी एक डिस्क टकटक करू लागली आणि दुसऱ्या दिवशी पूल उघडेचना. रिपोर्टची पहिली तीन प्रकरणं गाईड सरांच्या मेलमध्ये सापडली. रीडिंग्ज मात्र गेली. लॅब असिस्टंट काकांनी दोन रविवार आमच्यासाठी लॅब उघडली, म्हणून पुन्हा घेता आली. पार्टनरच्या आजोबांचे फोटो मात्र पुन्हा काढता येणार नव्हते. तो मला एका शब्दानेही बोलला नाही.

आज आमच्या सर्व्हरवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘अ‍ॅड की अटॅच? एंटर मारण्याआधी विचार कर.’ अक्षर त्याचंच आहे.