एल्को गावचे गुराखी
(इयत्ता सातवी)

"अभ्यास कर, नाहीतर गुरं राखायला जाशील!" हे वाक्य मी खूप वेळा ऐकले आहे. तुम्हीही ऐकले असेल. पण गुरुजींनी एल्को गावाची माहिती सांगितल्यापासून ते मला पटत नाही. चला, नकाशावरून माझ्याबरोबर एल्कोला.

अमेरिकेच्या पश्चिम भागात नेवाडा राज्य आहे. त्याच्या ईशान्येला हम्बोल्ट नदीकाठी एल्को वसले आहे. १८६८ च्या अखेरीस रेल्वेचे रूळ तिथे पोचले आणि गाव उभे राहिले. पाऊस कमी, म्हणून गुरे चारणे हा तिथला एक मोठा धंदा. वस्ती सुमारे २० हजार.

तिकडे गुराख्याला काउबॉय म्हणतात. नेवाडात 'बकरू' असेही म्हणतात. हे ऐकून वर्गात सगळे हसले. पण त्याचा बकरीशी काही संबंध नाही! स्पॅनिश भाषेत 'वाका' म्हणजे गाय आणि 'वाकेरो' म्हणजे गुराखी. त्यावरून बकरू झाले.

हे लोक घोड्यावर बसून गुरे वळतात. त्यांच्या चामड्याच्या खोगिरावर फुले-पाने कोरलेली असतात. लगामाला चांदीची नक्षी असते. कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून ते लांब दोर करतात आणि त्याचा फास टाकून जनावर धरतात.

१८७० नंतरच्या काळात टेक्सास राज्यातले गुराखी मोठमोठे कळप शेकडो मैल हाकत नेत. रात्री पहाऱ्यावर ते गाणी म्हणत, म्हणजे गुरे बिथरत नसत. अशी गाणी आणि कविता विसरल्या जाऊ नयेत म्हणून १९८५ साली एल्कोत गुराख्यांचे कविसंमेलन सुरू झाले. ते जानेवारीच्या अखेरीस भरते, कारण तेव्हा थंडीमुळे कुरणावर काम कमी असते. गुराखी स्वतः स्टेजवर उभे राहून कविता म्हणतात आणि लांबून आलेले लोक ऐकतात.

हे मी घरी आबांना सांगितले. आबांनी जन्मभर गुरं राखली. ते म्हणाले, "आम्ही बी गायचो की! वळखीचा आवाज आसला की जनावर बुजत न्हाई." मी विचारले, "आबा, मग आम्हाला कधी का नाही म्हणून दाखवलंत?" आबा म्हणाले, "कुणी इचारलंच न्हाई."

त्या रात्री मी त्यांची तीन गाणी वहीत उतरवून घेतली. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना विनंती, तुम्हाला येत असतील ती गाणी आम्हाला सांगा. आम्ही लिहून घेऊ.