दर्यावर्दीचा वेष

अंबा नदी धरमतरच्या खाडीने समुद्रास मिळते. याच खाडीकाठी आमचे डोलवी असल्याने दर्यावर्दी लोक आम्हांस परके नाहीत. त्यांचा वेष मात्र आता संमेलनांत व छायाचित्रांतच अधिक दिसतो. त्याचे मूळ विद्यार्थ्यांनी जाणावे.

कोळी कमरेस त्रिकोणी रुमाल बांधीत आला, कारण त्यायोगे चिखलापाण्यात पाय मोकळे राहतात. कोळिणीचे आखूड लुगडेही कामाच्या सोयीचेच. आपल्या आज्यांच्या हातांवर गोंदण असे, तसे ते दूरच्या बेटांवरही होते. 1769 साली कप्तान कुक याच्या खलाशांनी ताहिती बेटावर ते पाहिले. ‘टॅटू’ हा शब्द तिकडचाच. पुढे गोंदलेला नांगर ही खलाशाची खूण झाली. 1846 साली विंटरहाल्टर या चित्रकाराने राणी व्हिक्टोरियाच्या बाळराजास खलाशी वेषात रंगविले आणि तो वेष पुढे मुलांच्या हौसेचा झाला.

श्रमाचा पोशाख हौसेने घालण्यात वावगे काही नाही. परंतु कोळ्याच्या मुलास मासळीच्या वासावरून हिणवावे आणि त्याच्याच वडिलांच्या वेषात रंगमंचावर टाळ्या घ्याव्या, हे आम्हांस शोभत नाही. रुमाल बांधण्यापूर्वी तो बांधणाऱ्याचा मान राखण्यास आपण शिकू या.